अथेन्समधली परक्या दूतांची थडगी: कशी ओळखायची, कशी वाचायची

प्रश्न असा आहे: प्राचीन ग्रीसमध्ये दुसऱ्या शहराहून आलेला दूत कामावर असतानाच वारला, तर त्याचे थडगे कोण बांधायचे, ते कसे दिसायचे, आणि आज अथेन्सच्या केरामेइकोस स्मशानभूमीत ते इतर परदेशी माणसांच्या थडग्यांतून वेगळे कसे काढायचे?

आकार पाहून ते वेगळे काढता येत नाही. दूताच्या थडग्याचा म्हणून असा ठरलेला नमुना नव्हता, ठरलेले चिन्हही नव्हते. ओळख पटते ती तीन गोष्टींवरून. पुरण्याचा खर्च कोणी केला, जागा कोणी दिली आणि मजकुरात मृताच्या गावाचा उल्लेख कशासाठी आला आहे. खासगी थडगे कुटुंबाने कुटुंबासाठी उभारलेले असते. दूताचे थडगे एका शहराने दुसऱ्या शहराला उद्देशून उभारलेले असते. माझ्या मते ते दुखवट्याइतकेच राजकारणाचे काम आहे आणि ते तसेच वाचले पाहिजे.

आधी माणसे कोण होती ते पाहू, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. आजच्यासारखा परक्या राजधानीत वर्षानुवर्षे राहणारा राजदूत ग्रीकांकडे नव्हता. शहर एखाद्या कामापुरते दूत निवडून पाठवी, सहसा दोन, तीन, पाच किंवा दहा जणांचे मंडळ. अथेन्सला आलेले दूत आधी पाचशे जणांच्या मंडळापुढे जात, मग नागरिकांच्या सभेपुढे बोलत, आणि काम झाले की त्यांना शहराच्या सार्वजनिक चुलीपाशी, प्रितानेइऑनमध्ये, जेवायला बोलावले जाई. दुसरा प्रकार केरुक्सचा. हा शहराचा अधिकृत घोषक. त्याच्या हाती दंड असे आणि त्याला मारणे हे देवाविरुद्धचे पाप मानले जाई. तिसरा प्रॉक्सेनोस, आणि तो मुळात दूत नव्हेच. तो आपल्याच गावी राहणारा नागरिक, पण दुसऱ्या शहराने आपला माणूस म्हणून मान दिलेला. त्या शहरातून कोणी व्यापारी आला, खटल्यात अडकला, दूत आले, तर त्यांची सोय लावणे आणि योग्य माणसांशी गाठ घालून देणे हे त्याचे काम. हा मान पुष्कळदा बापाकडून मुलाकडे जाई. आपल्याला माहीत असलेल्या थडग्यांपैकी काही दूतांची आहेत, काही प्रॉक्सेनोसांची. दोन्ही एकाच गठ्ठ्यात टाकली तर मजकुराचा अर्थ चुकतो.

आता जागा. केरामेइकोस शहराच्या वायव्येला आहे. अथेन्सचा नेता थेमिस्तोक्लेस याच्या काळात, इ.स.पू. ४७८ मध्ये, घाईने बांधलेली तटबंदी इथून जाते. तिच्यात दोन दरवाजे आहेत: एलेउसिसकडे जाणाऱ्या पवित्र रस्त्याचा पवित्र दरवाजा आणि त्याच्या शेजारी मोठा दुहेरी दरवाजा, दिपिलॉन. एरिदानोस नावाचा ओढा पवित्र दरवाजातूनच बाहेर पडतो. दिपिलॉनमधून अकादमीकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यालगत युद्धात पडलेल्या अथेन्सवासीयांची सार्वजनिक थडगी होती. पवित्र रस्त्याला थोडे पुढे एक फाटा फुटतो, त्याला आज थडग्यांचा रस्ता म्हणतात. तिथे श्रीमंत कुटुंबांच्या उंच ओट्यांवरच्या रांगा आहेत. परक्या दूतांची शिळा-स्मारके या दरवाजाबाहेरच्या, पवित्र रस्त्याच्या परिसरात आहेत. एलेउसिस, मेगारा आणि पेलोपोनेससहून येणारा प्रत्येक माणूस, पुढचे दूतही, याच वाटेने शहरात शिरत. म्हणजे जागेची निवड वाचकाची निवड होती.

इथले उत्खनन १८६३ मध्ये देक्सिलेओस नावाच्या घोडेस्वाराची शिळा सापडल्यावर जोरात सुरू झाले. १९१३ पासून ते जर्मन पुरातत्त्व संस्थेकडे आहे.

सेलिंब्रियाचा पायथागोरस

गणिती पायथागोरसशी याचा काही संबंध नाही. हा दिओनिसिओसचा मुलगा. सेलिंब्रिया म्हणजे मार्मारा समुद्रावरचे आजचे तुर्कस्तानातले सिलिव्री. त्याचे स्मारक साधारण इ.स.पू. ४६० ते ४५० या दशकातले आहे: पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा आणि वर साधी, कोरीव चित्र नसलेली शिळा. मजकूर चार ओळींच्या काव्याचा, एक लांब आणि एक आखूड अशा जोडओळींचा. त्याचा आशय असा: त्याच्या पूर्वजांच्या आणि त्याच्या स्वतःच्या प्रॉक्सेनिया (प्रॉक्सेनोस म्हणून केलेली सेवा) व सद्‍गुणांबद्दल अथेन्सवासीयांनी पायथागोरसला, दिओनिसिओसच्या मुलाला, सार्वजनिक खर्चाने इथे ठेवले, आणि घोडे चरतात त्या त्याच्या मायभूमीला, सालिब्रियाला, मरणाचे दुःख जाऊन पोहोचले.

या चार ओळी नीट उलगडल्या तर सगळे सापडते. कर्ता आहे ‘अथेन्सवासी’. बायको, भाऊ, मुलगा यांपैकी कोणी नाही. ‘सार्वजनिक खर्चाने’ हा शब्द स्पष्ट आला आहे. कारण दिले आहे ते प्रॉक्सेनियाचे, आणि ते पूर्वजांपासून चालत आल्याचे सांगितले आहे. हा माणूस राहायचा आपल्या गावी, तेव्हा अथेन्समध्ये तो काही कामाने आलेला असताना वारला असणार. आणि शेवटची दीड ओळ पूर्णपणे सेलिंब्रियाकडे वळते. अथेन्सचे दुःख मजकुरात नाही. दुःख मायभूमीला झाले आहे आणि अथेन्स त्याची दखल घेते आहे. सेलिंब्रिया हे अथेन्सच्या नेतृत्वाखालच्या संघातले शहर, काळ्या समुद्राकडून धान्य येण्याच्या वाटेवरचे. त्या वाटेवरच्या गावातला भरवशाचा माणूस गेला, तेव्हा त्याच्या मुलाबाळांना आणि गावकऱ्यांना ‘आम्ही विसरत नाही’ हे दगडावर सांगणे अथेन्सच्या हिताचे होते.

या स्मारकाचे वजन कळण्यासाठी काळही लक्षात घ्यायला हवा. इ.स.पू. ५०० ते ४३० च्या दरम्यान अथेन्समध्ये खासगी कोरीव थडगी जवळजवळ थांबली होती. घराण्यांनी डौल मिरवू नये असा कायदा झाल्याचे रोमन लेखक सिसेरो सांगतो. शहरातली मोठी कुटुंबे आपल्या माणसांसाठी दगड उभे करत नव्हती, अशा काळात वेशीबाहेर एका परक्या माणसासाठी पायऱ्यांवर चढवलेली शिळा उभी राहिली. आज चौथ्या शतकातल्या भपकेबाज शिळांशेजारी ती फिकी वाटते. तिच्या काळात मात्र ती दुरून दिसत असणार.

शोधताना एक लक्षात ठेवा: मजकुरात शहराचे नाव ‘सालिब्रिया’ असे आहे, सूचींमध्ये ते ‘सेलिंब्रिया’ म्हणून सापडते. ग्रीक शिलालेखांच्या बर्लिनच्या मोठ्या संग्रहात (आयजी) पहिल्या खंडाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा क्रमांक ११५४ आहे.

केर्किराचे दोन दूत

याच परिसरात थेर्सांद्रोस आणि सिमिलोस यांची शिळा आहे. केर्किरा म्हणजे आजचे कोर्फू बेट. याही चारच ओळी: थेर्सांद्रोस आणि सिमिलोस, आपल्या मायभूमीला, केर्किराला, ज्यांची ओढ आहे अशा या दोघांना इथे मातीने थडग्यात घेतले, ते दूत म्हणून आले होते, योगायोगाने मरण आले, आणि अथेन्सच्या मुलांनी सार्वजनिक खर्चाने त्यांचे अंत्यसंस्कार केले.

इथे ‘दूत’ हा शब्द उघड आला आहे, म्हणून हे स्मारक पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ. ग्रीकमध्ये दोघांसाठी वेगळे द्विवचन आहे आणि ते इथे वापरले आहे, त्यामुळे माणसे दोनच होती याबद्दल शंका उरत नाही. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘योगायोगाने’ हा शब्दप्रयोग. दोन दूत परक्या शहरात एकाच वेळी मरतात तेव्हा मागे राहिलेल्या शहरात पहिला प्रश्न घातपाताचा येतो. मजकूर मरणाचे कारण सांगत नाही. पण ते कोणाच्या हातून आले नाही, एवढे तो ठामपणे सांगतो. जिथे काव्यात जेमतेम चार ओळी आहेत, तिथे अर्धी ओळ यासाठी खर्च केली आहे.

ही शंका केर्किराच्या लोकांना का आली असेल, हे समजायला दुसरी बाजू पाहावी. इ.स.पू. ४३० मध्ये स्पार्टाचे आणि त्याच्या मित्रांचे दूत इराणच्या राजाकडे मदत मागायला निघाले होते. थ्रेसमध्ये ते पकडले जाऊन अथेन्सच्या हाती पडले. ग्रीक इतिहासकार थुसिडिडिस सांगतो की त्यांना बोलू न देता त्याच दिवशी ठार करून खड्ड्यांत फेकले. कॉरिंथचा सेनापती आरिस्तेउस त्यांच्यातच होता. म्हणजे परक्या दूताला मान देऊन पुरणे ही आपोआप होणारी गोष्ट नव्हती. तो दर वेळी घेतलेला निर्णय होता.

या शिळेच्या काळाबद्दल घाई करू नका. केर्किराची दोन दूतमंडळे इतिहासात ठळक आहेत. एक इ.स.पू. ४३३ चे, ज्याच्या विनंतीवरून अथेन्सने संरक्षणापुरता करार केला आणि पेलोपोनेसच्या युद्धाकडे वाट वळली. दुसरा संबंध इ.स.पू. ३७५ च्या सुमाराचा, जेव्हा अथेन्सचा सेनापती तिमोथेओस याच्या आरमाराच्या मोहिमेनंतर केर्किरा पुन्हा अथेन्सशी जोडली गेली. शिळेवरची अक्षरे चौथ्या शतकातली आहेत, म्हणून सर्वसाधारणपणे ३७५ चा सुमार धरतात आणि संग्रहातही ती दुसऱ्या खंडात, दुसऱ्या आवृत्तीच्या क्रमांक ५२२४ वर आहे. पण अक्षरे शिळेचा काळ सांगतात, मरणाचा नव्हे. थडगे आधीचे आणि दगड नंतर बदललेला असे होऊ शकते. केरामेइकोसमध्ये पूर, गाळ आणि तटबंदीची कामे यांमुळे जुनी स्मारके पुन्हा उभारावी लागत. त्यामुळे ‘इ.स.पू. ३७५ ला हे दोघे वारले’ असे लिहिण्यापेक्षा ‘शिळा चौथ्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागातली’ असे लिहावे.

रेगिऑनचा सिलेनोस

हे उदाहरण वेगळ्याच कारणाने मोलाचे आहे. इथे थडगे आणि करार दोन्ही हाती आहेत. इटलीच्या टोकाला असलेल्या रेगिऑनशी (आजचे रेज्जो कालाब्रिया) अथेन्सने इ.स.पू. ४३३/३२ मध्ये, अप्सेउदेस हा आर्खोन (त्या वर्षाचा प्रमुख अधिकारी) असताना, मैत्रीचा करार पक्का केला. तो दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरचा सुरुवातीचा भाग खोडून पुन्हा कोरलेला आहे, आणि या नव्या भागात रेगिऑनच्या दूतांची नावे आहेत. त्यांत फोकोसचा मुलगा सिलेनोस आहे. अथेन्समध्ये सापडलेल्या एका थडग्याच्या काव्यातही फोकोसचा मुलगा, रेगिऑनचा सिलेनोस येतो (पहिला खंड, तिसरी आवृत्ती, क्रमांक ११७८). नाव, बापाचे नाव आणि गाव तिन्ही जुळल्यामुळे माणूस एकच मानतात आणि थडगेही त्याच सुमाराचे ठरते.

ग्रीक नावे फार पुनरावृत्त होतात. केवळ नाव जुळले म्हणून काहीच सिद्ध होत नाही. नाव आणि गाव जुळले तर शक्यता. नाव, बाप आणि गाव तिन्ही जुळली तरच माणूस ओळखावा, आणि तेव्हाही काळ विसंगत नाही ना हे तपासावे, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवायची पद्धत तिथेही होती.

कोर्फूचा मेनेक्रातेस

अथेन्सबाहेरचे, आणि या सगळ्यांहून खूप जुने स्मारक कोर्फूमध्ये, गारित्सा भागात आहे. १८४३ मध्ये ते सापडले. चुनखडीच्या घडीव दगडांच्या थरांनी रचलेली गोल, ठेंगणी इमारत, साधारण साडेचार-पाच मीटर व्यासाची. काळ इ.स.पू. ६०० च्या आसपास. वरच्या थराभोवती एकच लांब ओळ उजवीकडून डावीकडे फिरते. त्यात सहा ओळींचे काव्य आहे. मजकूर सांगतो: हे त्लासियासच्या मुलाचे, ओइआंथेइआच्या मेनेक्रातेसचे स्मारक, लोकांनी ते बांधले, कारण तो लोकांना प्रिय असा प्रॉक्सेनोस होता, पण तो समुद्रात बुडाला, आणि भाऊ प्राक्सिमेनेस मायभूमीहून आला आणि लोकांच्या साथीने त्याने भावाचे हे स्मारक उभे केले.

प्रॉक्सेनोस या पदाचा हा आपल्या हाती असलेला सर्वांत जुना उल्लेख. देह समुद्रात गेलेला, म्हणून ही रिकामी कबर. तरीही केर्किराच्या लोकांनी ती बांधली, यातच तिचा हेतू स्पष्ट होतो. इथे आणखी एक गोष्ट आहे जी अथेन्सच्या शिळांवर दिसत नाही: कुटुंब आणि शहर दोघे मिळून काम करतात. ओइआंथेइआ हे कॉरिंथच्या आखाताच्या उत्तर काठावरचे लहान गाव. तिथून भाऊ समुद्र ओलांडून येतो, आणि त्याचे येणेही मजकुरात नोंदले जाते. दीडशे वर्षांनंतर अथेन्समध्ये कुटुंब मजकुरातून बाहेर पडले आणि नुसते ‘अथेन्सवासी’ उरले. लोकशाही अथेन्सची ही सार्वजनिक थडगी तशीच बोलतात.

जवळच सापडलेला दगडी सिंह कोर्फूच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि तो मेनेक्रातेसच्या नावाने ओळखला जातो. तो याच स्मारकावरचा, असे गृहीत धरून मजकूर लिहू नका.

दगडाचे काम

अथेन्सच्या शिळा बहुतेक संगमरवराच्या, पेंटेलिकॉन डोंगराच्या खाणीतल्या. चौथऱ्याला आतून स्वस्त, मऊ चुनखडी आणि दर्शनी भागाला संगमरवर अशी काटकसर सर्रास असे. शिळा वर किंचित निमुळती ठेवत. तळाला अरुंद कुसू सोडून तो चौथऱ्यातल्या खोबणीत बसवत आणि फटीत वितळलेले शिसे ओतत. हे शिसे पुढे मोलाचे ठरले. नंतरच्या काळात लोकांनी ते काढण्यासाठी सांधे फोडले आणि शिळा कोसळल्या. रिकामी खोबण दिसली की तिची लांबी, रुंदी आणि खोली मोजून ठेवावी. सुटी सापडलेली शिळा कुठल्या चौथऱ्याची, हे पुष्कळदा याच मापांवरून ठरते.

मजकूर कोरताना आधी टोकदार हत्याराने बारीक रेघा आखत, मग सपाट टाकीने अक्षरे. सरळ रेघ टाकीच्या पात्याच्या रुंदीने एका-दोन घावांत निघते, गोल अक्षरे मात्र कष्टाची, म्हणून ती शेजाऱ्यांहून लहान आणि वेडीवाकडी येतात. शेवटी अक्षरांत रंग भरत, बहुधा लाल. आज रंग उडाल्यामुळे मजकूर वाचणे कठीण वाटते. बांधला तेव्हा तो रस्त्यावरून चालताना वाचता यावा असाच होता. शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नव्हती. म्हणून वाचताना आधी नावे आणि गावे शोधावी, त्यांच्याभोवती वाक्य उलगडते.

वाचताना आणि नोंदताना काय चुकते

ऊन डोक्यावर असताना काढलेला फोटो निरुपयोगी असतो, अक्षरे सपाट होतात. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, तिरप्या उजेडात काढावा. संग्रहालयात टॉर्च परवानगी असेल तर ती दगडाला जवळजवळ समांतर धरावी, आणि एकाच जागेवरून उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून असे निदान तीन फोटो घ्यावेत. एकाच बाजूच्या उजेडात त्या दिशेच्या रेघा गायब होतात आणि आडव्या दांडीचे अक्षर बिनदांडीचे वाटते. अक्षरांत खडू भरू नये, पाणी ओतू नये. खडू छिद्रांत राहतो आणि जुन्या रंगाचे कण निघून जातात.

ठसा घ्यायचा तर ग्रीक शिलालेखांसाठीची पद्धत आपल्याकडच्या ताम्रपट-शिलालेखांच्या शाईच्या ठशाहून वेगळी आहे. इथे शाई वापरत नाहीत. जाड गाळणी-कागद ओला करून दगडावर टाकतात, दाट केसांच्या ब्रशने कोपऱ्यापासून ठोकत हवा बाहेर काढतात, कागद अक्षरांत शिरू देतात आणि पूर्ण वाळल्यावरच सोडवतात. ओला ओढला तर फाटतो. दगडाला टेकलेल्या बाजूवर अक्षरे उठून, पण उलटी दिसतात, आणि ती उलटी वाचायची सवय करावी लागते, कारण झिजलेली रेघ तिथेच नीट दिसते. यासाठी ग्रीसच्या पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते.

छापील मजकुरातल्या खुणा दुर्लक्षू नका. चौकोनी कंसातली अक्षरे दगडावर नाहीत, संपादकाने भरलेली आहेत. अक्षराखाली टिंब असेल तर ते अक्षर अर्धवट उरले आहे. ‘सार्वजनिक खर्चाने’ हा शब्द जर पूर्ण कंसातच असेल, तर त्या आधारावर थडगे सार्वजनिक ठरवणे म्हणजे संपादकाचे मत पुरावा म्हणून वापरणे.

अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवण्यातही तशीच सावधगिरी. इ.स.पू. ४०३/०२ मध्ये अथेन्सने सरकारी लेखांसाठी आयोनियन लिपी स्वीकारली, हे खरे. पण तो नियम सरकारी कागदपत्रांचा. थडग्यांच्या काव्यात ती अक्षरे आधीही आढळतात. तीन रेघांचा सिग्मा (ग्रीक ‘स’) असेल तर लेख इ.स.पू. ४४६ च्या आधीचा, हा नियम अनेक पिढ्या शिकवला गेला. सिसिलीतल्या एगेस्ताशी झालेल्या कराराच्या दगडावर लेझरच्या साहाय्याने केलेल्या वाचनातून १९९० मध्ये तो डळमळला. वळणावरून दशक सांगू नये, पिढी सांगावी.

आणि सर्वांत नेहमीची चूक: थडग्यावर परक्या गावाचे नाव दिसले की दूत म्हणणे. अथेन्समध्ये हजारो परदेशी स्थायिक होते आणि त्यांच्या शिळांवर गावाचे नाव असतेच. थडग्यांच्या रस्त्यावर काळ्या समुद्राकाठच्या हेराक्लेइआहून आलेल्या आगाथोन आणि सोसिक्रातेस या भावांची जागा पाहा. उंच शिळा, माथ्यावर पानाफुलांचे कोरीव काम, शेजारी आगाथोनची बायको कोराल्लिओन हिची सुंदर शिळा. दूतांच्या थडग्यांहून ती कितीतरी देखणी आहे. पण ते खासगी कुटुंब आहे आणि तिथला मजकूर कुठल्याही शहराचे नाव कर्ता म्हणून घेत नाही. उलट इ.स.पू. ४०३ मध्ये पडलेल्या स्पार्टन सैनिकांचे सार्वजनिक थडगेही याच भागात आहे, त्यावर नावे उजवीकडून डावीकडे कोरलेली आहेत. ते परक्यांचे आहे, पण दूतांचे नाही.

अथेन्स आपल्या स्वतःच्या घोषकाचे थडगेही याच भाषेत वापरत असे. अंथेमोक्रितोस नावाचा केरुक्स मेगाराच्या लोकांनी मारला असा अथेन्सचा आरोप होता. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की त्याला दिपिलॉन दरवाजापाशी पुरण्याचा ठराव झाला, आणि प्रवासवर्णनकार पाउसानिआसने एलेउसिसच्या रस्त्यावर त्याचे स्मारक पाहिले. हा रस्ता पुढे मेगाराला जातो. म्हणजे तेच दरवाजाबाहेरचे मोक्याचे ठिकाण, पण इथे सांगणे मैत्रीचे नव्हते, आरोपाचे होते.

आणि एक भारतीय

मराठी वाचकाला हा प्रश्न पडला की बेसनगरचा हेलिओडोरसचा स्तंभ आठवणे स्वाभाविक आहे. तो थडगे नाही. तक्षशिलेच्या ग्रीक राजाच्या दूताने स्वतः वासुदेवासाठी उभारलेला तो गरुडध्वज आहे, आणि त्यात बोलतो तो दूत स्वतः. आपल्या विषयाच्या खरोखर जवळचे उदाहरण अथेन्समध्येच होते.

रोमन सम्राट ऑगस्टसकडे भारतातून दूतमंडळ गेले होते. दमास्कसचा इतिहासकार निकोलाओस याने त्यातल्या वाचलेल्या तिघांना अँटिओकजवळ पाहिले, आणि त्याच्या आधारे भूगोलकार स्ट्राबोने वर्णन दिले: ग्रीकमध्ये लिहिलेले कातड्यावरचे पत्र, मोठे साप, तीन हातांचे नदीतले कासव. या मंडळाबरोबर असलेल्या एकाने अथेन्समध्ये हसतमुखाने चितेवर उडी घेतली. इतिहासकार दिओ कासिउसच्या मते त्याआधी त्याने एलेउसिसची गूढ दीक्षा घेतली होती. हे इ.स.पू. २० च्या सुमाराचे. थडग्यावरचा मजकूर स्ट्राबोने उतरवून ठेवला: इथे बार्गोसाहून आलेला भारतीय झार्मानोखेगास पडला आहे, भारतीयांच्या पूर्वापार चालीनुसार त्याने स्वतःला अमर केले. बार्गोसा म्हणजे भडोच असे सर्वसाधारणपणे मानतात. पैठण आणि तेरचा माल ज्या बंदरातून पश्चिमेला जाई तेच हे. प्लुटार्कच्या काळापर्यंत लोक ‘भारतीयाचे थडगे’ म्हणून ती जागा दाखवत असत.

वरच्या तीन कसोट्या लावून पाहा. खर्च कोणी केला, ते मजकुरात नाही. तो दूत होता किंवा दूतमंडळाबरोबर आला होता, हेही नाही. गाव आणि देश आहेत, पण मायभूमीच्या दुःखाचा उल्लेख नाही. मजकुराचा सगळा भर मरणाच्या रीतीवर आहे. म्हणून दूतमंडळातल्या माणसाचे थडगे म्हणून त्याची नोंद जरूर करावी, पण पायथागोरस आणि केर्किराच्या दोघांबरोबर सार्वजनिक थडग्यांच्या यादीत ते घालू नये.

प्रत्यक्ष पाहायला जायचे असेल तर केरामेइकोसचे प्रवेशद्वार एर्मू रस्त्यावर १४८ क्रमांकाला आहे, थिसिओ मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते. आधी आतल्या लहान संग्रहालयात जावे, कारण बाहेर उभ्या असलेल्या काही शिळा प्रतिकृती आहेत आणि मूळ दगड आत किंवा दुसरीकडे आहेत. देक्सिलेओसची बाहेरची शिळा अशीच प्रतिकृती आहे. मग पवित्र दरवाजापाशी उभे राहून, शहराकडे पाठ करून, एरिदानोसच्या काठाने पश्चिमेकडे चालावे आणि थडग्यांच्या रस्त्याच्या फाट्याआधी व नंतर दोन्ही बाजूंचे उंचवटे पाहावेत. सोबत संग्रहातले क्रमांक लिहून न्यावेत. पाट्यांवर नावांची स्पेलिंगे बदलतात, एका आवृत्तीतले क्रमांक बदलत नाहीत.